ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील तेल केव्हा बदलावे?

भाताची चिखलणी आटोपली की ट्रॅक्टर धुऊन उभा केला जातो. गिअरबॉक्समधील तेलाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत हे एकच तेल गिअर, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक या तिन्हींना पुरते. ते बिघडल्यास नांगर नीट उचलला जात नाही, एवढ्यावरच भागत नाही. उतारावर ब्रेकही दगा देऊ शकतात.

तेल बदलण्याची मुदत माहितीपुस्तिकेत तासांनी दिलेली असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती १००० तासांच्या आसपास आढळते. परंतु चिखलात राबलेल्या यंत्राबाबत केवळ तासांच्या मीटरवर विसंबणे बरे नव्हे. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे व मुदतीची वाट न पाहता ते बदलावे. मात्र आधी खराब झालेले सील दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर नवे तेलही वाया जाते.

तेल गरम असतानाच काढावे. तळाच्या बुचाला चुंबक असल्यास त्यावरील बारीक कीस चिंतेचा नसतो. धातूचे तुकडे आढळल्यास मिस्त्रीला दाखवावे. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. स्वस्त मिळते म्हणून आणलेले साधे गिअर तेल तेलातील ब्रेकना मानवत नाही.