दरड कोठवर धांवते?

पाटावर वाळूची पुरचुंडी ठेवून त्याचें एक टोंक हळूहळू उचलावें. पुरचुंडी बराच वेळ जागची हालत नाहीं. तिला धरून ठेवतें तें घर्षण. बोर्ली पंचतनापासून महाडपर्यंत रायगड जिल्ह्यांतील गांवांच्या पाठीशीं जे डोंगर आहेत, त्यांच्या उतारावरील माती-दगड याच बळावर टिकून असतात.

पावसाच्या ओझ्यानें दरड कोसळते, हा समज अपुरा होय. ओझें वाढलें तर घर्षणही वाढतें! खरा घात करतें तें न निचरलेलें पाणी. तें कणांना आंतून उचलून धरतें. त्यांचा परस्परांवरील दाब घटतो व घर्षण क्षीण होतें. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें अतिवृष्टींत दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं.

मोठ्या दरडींची गति तर साध्या हिशेबांत बसत नाहीं. कोरडा खडक घर्षणाच्या नियमाप्रमाणें पडण्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षां दूर जाऊं नये. परंतु १८८१ सालीं स्वित्झर्लंडांतील एल्म येथें कोसळलेला कडा तिपटीहून दूर गेला. दरड जितकी मोठी, तितकी ती उंचीच्या मानानें दूर जाते, असें आल्बर्ट हाइम यांस आढळलें. कोंडलेलें पाणी, खडकाचा चुरा, घासण्याची उष्णता अशीं कारणें शास्त्रज्ञ सांगतात, एकमत नाहीं. मात्र अशा दरडीपुढें पायथ्यापासून शंभर पावलांवरचें घर दूर ठरत नाहीं.