गुरुत्वीय भिंगातून दिसणारे अतिनवतारे विश्वाचा विस्तारवेग कसा सांगतात?

विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे, या प्रश्नाची दोन विश्वासार्ह उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. हा तिढा सोडविण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ आता अतिदूरच्या अतिनवताऱ्यांच्या अनेक प्रतिमांकडे वळले आहेत.

विस्ताराचा दर ‘हबल स्थिरांका’ने व्यक्त होतो. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या ‘प्लँक’ उपग्रहाच्या निरीक्षणांवरून तो सुमारे ६७ किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक येतो. तुलनेने जवळचे तारे व अतिनवतारे यांची अंतरे मोजल्यास मात्र तो ७३ च्या आसपास भरतो. हा फरक मोजमापातील चुकीमुळे नसेल, तर विश्वरचनेच्या प्रचलित सिद्धान्तातच काहीतरी उणे असले पाहिजे. म्हणूनच या दोन्हींपासून स्वतंत्र अशा तिसऱ्या पद्धतीला महत्त्व आले आहे.

आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तानुसार वस्तुमानामुळे प्रकाशाचा मार्ग वाकतो. पृथ्वी आणि दूरचा अतिनवतारा यांच्यामध्ये एखादा प्रचंड दीर्घिकासमूह आल्यास तो भिंगासारखे काम करतो आणि एकाच स्फोटाच्या अनेक प्रतिमा दिसतात. प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश वेगळ्या लांबीच्या आणि वेगळ्या गुरुत्वाकर्षणाच्या मार्गाने येत असल्याने त्या एकाच वेळी पोहोचत नाहीत. भिंगातील वस्तुमानाची मांडणी ठाऊक असेल, तर या विलंबावरून अंतरे आणि पर्यायाने हबल स्थिरांक काढता येतो. स्थिरांक जितका मोठा, तितका विलंब कमी. नॉर्वेचे खगोलशास्त्रज्ञ शूर रेफ्सदाल यांनी ही कल्पना १९६४ मध्येच मांडली होती.

ती प्रत्यक्षात उतरण्यास अर्धे शतक लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एका दीर्घिकेभोवती एकाच अतिनवताऱ्याच्या चार प्रतिमा आढळल्या. त्याला रेफ्सदाल यांचेच नाव देण्यात आले. त्याच्या प्रकाशाने ९०० कोटींहून अधिक वर्षे प्रवास केला होता. पाचवी प्रतिमा पुढे दिसेल, असे भाकीत संशोधकांनी आधीच प्रसिद्ध केले होते. ११ डिसेंबर २०१५ रोजीच्या छायाचित्रात ती अपेक्षित जागी दिसली.

पहिल्या व पाचव्या प्रतिमेतील अंतर सुमारे ३७६ दिवसांचे ठरले. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, निरीक्षणांशी सर्वाधिक जुळणाऱ्या प्रारूपांवरून हबल स्थिरांक ६६.६ आला, त्यातील अनिश्चितता सुमारे चार एककांची होती. त्याच वर्षी जेम्स वेब दुर्बिणीला आढळलेल्या ‘होप’ या अतिनवताऱ्याने मात्र ७५ च्या आसपासचे उत्तर दिले. त्यातील अनिश्चितता याहून मोठी आहे. त्यामुळे वाद अद्याप मिटलेला नाही.

या पद्धतीची मुख्य अडचण भिंगातच आहे. दीर्घिकासमूहातील बहुतांश वस्तुमान अदृश्य कृष्णद्रव्याचे असते. त्याचा नकाशा अचूक नसेल, तर उत्तरही चुकते. शिवाय अशी उदाहरणे मोजकीच आहेत. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणातून त्यांची संख्या पुष्कळ वाढेल, अशी अपेक्षा आहे.

दरम्यान, २०१६ च्या छायाचित्रांत सापडलेल्या ‘रेक्विएम’ या अतिनवताऱ्याची आणखी एक प्रतिमा २०३७ च्या सुमारास दिसेल, असा अंदाज आहे. सुमारे दोन दशकांचा हा विलंब मोजता आला, तर वेळेच्या मोजमापातील चूक नगण्य ठरेल.