साठ नावांत नसलेला लिन

१० फेब्रुवारी २०१२. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्सच्या जेरेमी लिनने बलाढ्य लेकर्सविरुद्ध एकट्याने ३८ गुण केले. दोन वर्षांपूर्वी हार्वर्डमधून बाहेर पडलेल्या याच मुलाला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने कॉलेजचे आणि परदेशी तरुण खेळाडू निवडतात. २०१० साली साठ नावं पुकारली गेली, त्यांत लिन नव्हता.

ह्यूस्टन रॉकेट्स या संघाची चूक तर जास्तच बोचते. त्यांचे तेव्हाचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी आकड्यांवर भिस्त ठेवणारे. त्यांच्या गणिती प्रारूपाने लिनला पंधराव्या क्रमांकाच्या आसपास बसवलं होतं, पण खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना तो चपळ वाटेना. पुढे पहिल्या दोन पावलांचा वेग मोजला, तेव्हा तो विलक्षण वेगवान निघाला. तो आशियाई आहे, याशिवाय आपल्या गैरसमजाला दुसरं कारण दिसत नाही, असं मोरींनी मोकळेपणाने मान्य केलं.

नव्या खेळाडूला पाहताच ‘हा अगदी अमक्यासारखा’ असं स्काउटच्या तोंडून निघतं, आणि तो अमका बहुतेक वेळा त्याच वंशाचा असतो. मोरींनी अशा तुलनेवर बंदी घातली. तुलना करायचीच तर वेगळ्या वंशाच्या खेळाडूशी करा. मग पुष्कळदा साम्यच सुचेना! केवढं साम्य निव्वळ कातडीच्या रंगातून आलं होतं, ते या साध्या नियमाने दाखवून दिलं.

अमेरिकी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी वेगळी मोजणी केली. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. जवळजवळ छापा-काटाच. तरीही वरचा क्रमांक मिळवण्यासाठी संघ आपले पुढचे निवडीचे अनेक हक्क देऊन टाकतात.

आणि एकदा किंमत मोजली की हात सुटत नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९८० ते १९८६ च्या एनबीए ड्राफ्टमधले खेळाडू तपासले. मैदानावरची कामगिरी, दुखापती, खेळण्याची जागा हे सगळं हिशेबात धरूनही वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना जास्त मिनिटं मिळत होती. पहिल्या फेरीतला खेळाडू दुसऱ्या फेरीतल्यापेक्षा सुमारे ३.३ वर्षं जास्त टिकत होता. कॉलिन कॅमरर आणि रॉबर्टो वेबर यांनी १९९९ मध्ये हाच प्रश्न पुन्हा कसून तपासला, तेव्हा परिणाम कमी झाला, पण पुसला गेला नाही.

लिनवर तर कुणाचंच काही लागलेलं नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेट या त्याच्या तेव्हाच्या संघाने त्याला सोडलं, रॉकेट्सने घेतलं आणि बारा दिवसांत तेही मोकळे झाले. निक्सने त्याला घेतलं, तेही त्यांचा एक गार्ड जायबंदी झाला म्हणून.