जामखेडची शिकवणी

सार्वजनिक आरोग्य शिकायला आपली माणसं बाल्टिमोरला जातात, लंडनला जातात. आणि तिकडचे प्राध्यापक, विद्यार्थी जामखेडला येतात. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला असलेल्या या गावात आरोळे दांपत्याने उभा केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे, आणि त्याची प्रशिक्षण संस्था आहे. शंभरेक देशांतले डॉक्टर, संशोधक, आरोग्य खात्यांतले अधिकारी तिथे शिकून गेलेत. शिकवणाऱ्यांत पदवीधर आहेतच, पण वर्गाचा खरा ताबा असतो खेड्यांतल्या आरोग्य सेविकांकडे. त्यांतल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली इथे आले. सुरुवात झाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्यात. या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिल्या वर्षातच दगावत होती. दवाखान्यात बसून हा आकडा हलणार नव्हता. म्हणून आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवल्या. त्या गावात रमेनात आणि गावही त्यांना मोकळेपणाने घरात घेईना. मग गावांनीच आपल्यातल्या बाया निवडून दिल्या. त्यांत निरक्षर पुष्कळ आणि दलितही पुष्कळ.

या बायांची शिकवणी कशी चालायची ते जवळून पाहायला हवं, कारण आजचा तिथला अभ्यासक्रम त्यातूनच आला आहे. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी यायच्या. पहिला धडा औषधाचा नसायचा. अमक्याची बायको, तमक्याची आई अशी ओळख सांगायची जन्माची सवय. इथे चारचौघींत स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. जेवायला पंगत एक, रात्री पांघरूणही एकच, भलंमोठं, आणि शेजारची कोणत्या जातीची हे पाहायचं नाही. मग गरोदरपण, बाळंतपण, जुलाब, खोकला असा एकेक विषय चित्रं दाखवून समजावला जाई. शिकलेलं गावात जाऊन करायचं आणि पुढच्या खेपेला काय जमलं, काय फसलं ते सगळ्यांपुढे मांडायचं. जुलाब झालेल्या लेकराचं पाणी तोडायची रीत तेव्हा घरोघर होती. तिथे मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावायचं म्हणजे आधी आजीला पटवायचं, आणि आजी कशाने पटली हे एकीने सांगितलं की बाकीच्या ते उचलत. आठवडाभराच्या कामाची ही उलटतपासणी मला आपल्याकडच्या पुष्कळशा विद्यापीठीय चर्चासत्रांपेक्षा कडक वाटते.

घरोघरची पाहणी गावच्या तरुण शेतकरी मंडळांनी केली, म्हणून आकडे गावाचे राहिले. दुष्काळात हातपंप आले तेव्हा ते दलित वस्तीत घेतले गेले. चांगल्या पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे जावंच लागलं. जुलाब कमी करण्याचा आणि शिवाशीव सैल करण्याचा प्रयत्न असा एकाच पंपावर झाला. आरोग्य धोरणाच्या अभ्यासकाला हा एवढा निर्णय जरी उलगडून समजला, तरी जामखेडची खेप कारणी लागली.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीनच वर्षांनी अल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचाराला अशा मोजक्या प्रयोगांचा आधार होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेविका मुक्ताबाई पोळ तर वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत जाऊन बोलून आल्या. १९९३ पर्यंत प्रकल्पाच्या गावांतला वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्यूदर हजारी १९ वर आला होता.

या कामाची बाहेरून तपासणीही झाली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने प्रकल्पातली गावं आणि शेजारची गावं ताडून पाहिली. एक महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. पहिल्या महिन्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. ही दुसरी ओळही तितकीच महत्त्वाची आहे. नवजात बाळांचं कोडं सोडवायला वेगळी नेमकी पद्धत लागते, आणि ती आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, बंग दांपत्याच्या 'सर्च'ने १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडली होती. तिथेही बाळाच्या घरी जाऊन काम करणारी गावातलीच बाई होती.

२००५ पासून देशात सरकारच्या 'आशा' सेविका आल्या. गावातल्याच बाईवर विश्वास टाकायचा, ही जामखेडची गोष्ट सरकारने घेतली. दर आठवड्याची ती शिकवणी मात्र घेतली नाही. कामागणिक पैसे आणि ढीगभर नोंदवह्या आशाताईंच्या वाट्याला आल्या. त्यांनी बोलावं आणि डॉक्टरांनी ऐकावं अशी ठरलेली बैठक आली नाही.

अशी बैठक वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागांना घडवता येईल. तिथल्या प्राध्यापकांनी संशोधनाचा विषय ठरवण्याआधी काही दिवस जामखेडला जाऊन या बायांपुढे बसावं. आणि आपल्या तालुक्यातल्या आशाताईला वर्गात व्याख्यान द्यायला बोलवावं. येण्याजाण्याचा खर्च आणि पाहुण्या प्राध्यापकाला देतात तेवढंच मानधन तिला द्यावं.