बारा खाटांची फाईल

तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होमची मांडणी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सारखीच असते. खाली ओपीडी आणि औषधाचे दुकान, मधल्या मजल्यावर दहा-बारा खाटा आणि ऑपरेशन थिएटर, वर डॉक्टर दांपत्याचे घर. ती स्त्रीरोगतज्ज्ञ, तो सर्जन किंवा भूलतज्ज्ञ. अशी रुग्णालये बंद का पडतात किंवा साखळी रुग्णालयांना का विकली जातात, अशी चर्चा निघाली की महागडी यंत्रे, परदेशी गेलेली मुले आणि नातेवाइकांच्या मारहाणीची भीती ही कारणे पुढे येतात. ती खरीच आहेत. पण तिथले रोजचे काम जवळून पाहिले की आणखी एक कारण दिसते, आणि माझ्या मते ते जास्त वजनाचे आहे. उपचार या डॉक्टरांना चांगले जमतात. त्यांना थकवते ते टेबलावरचे काम. त्यांनी स्वतंत्र राहावे असे वाटत असेल तर मदत तिथे पोचायला हवी, आणि ती मदत करणारी यंत्रणा त्यांच्याच मालकीची हवी.

विमा असलेल्या पेशंटची हर्नियाची एक साधी फाईल घ्या. पॉलिसीचे कार्ड, आधार, ओपीडीचा पहिला कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट, खर्चाचा अंदाज आणि सही-शिक्क्यानिशी पूर्वमंजुरीचा फॉर्म, एवढे सगळे टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, जाते. पहिल्या कागदावर डॉक्टरांनी घाईत ‘डायबेटिस आहे’ इतकेच लिहिले आणि किती वर्षांपासून ते राहून गेले, की ‘क्वेरी’ आलीच. आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा, हे त्या एका आकड्यावर ठरते. डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा अंतिम बिल, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, औषधांची बिले आणि हर्नियात बसवलेल्या जाळीच्या पाकिटावरचे स्टिकर. ते स्टिकर हरवले तर जाळीचे पैसे अडकू शकतात. विमा नियामकाने २०२४ साली कॅशलेसच्या पूर्वमंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मर्यादा घातली हे चांगलेच झाले, पण रुग्णालयातून विनंतीच संध्याकाळी गेली तर पेशंट घरी रात्रीच पोचणार. पैसे येतात ते नंतर, कपात आणि टीडीएस वजा होऊन. कोणाचे किती आले, हातमोज्यांचे किती कापले, कोणती कपात मान्य करायची आणि कोणत्या कपातीवर भांडायचे, हे जुळवायला माणूस नसेल तर त्या पैशांवर पाणी सोडावे लागते. मोठ्या रुग्णालयात यासाठी अख्खा विभाग असतो. इथे हे काम जुना कंपाउंडर करतो, नाहीतर रात्री जेवणे आटोपल्यावर डॉक्टरीणबाई.

शिवाय ही फक्त विम्याची बाजू झाली. १९४९च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी दर तीन वर्षांनी नवी करायची. जैववैद्यकीय कचरा पिवळा, लाल, पांढरा, निळा असा वेगळा करून, बारकोड लावून द्यायचा आणि त्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत पाठवायचा. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि पुन्हा जुलैत द्यायचे. सोनोग्राफीचे यंत्र असेल तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली तपासलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीचा एफ फॉर्म भरायचा आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायचा. शुल्क खाटांप्रमाणे कमी-जास्त होईलही, पण कागद, तारखा आणि चुकल्यावरची जबाबदारी तीनशे खाटांना जी, तीच बारा खाटांना. उलट सवलतीच्या वेळी मात्र खाटा मोजल्या जातात. विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या रुग्णालयांतही कॅशलेस मिळावे म्हणून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४मध्ये योजना आणली, तिच्यात किमान १५ खाटांची अट होती.

यावर डॉक्टरांच्या सभांमधून हमखास येणारी मागणी म्हणजे लहानांसाठी नियम सैल करा. मला ती पटत नाही. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. त्यानंतर आगीच्या नियमांत सूट मागायला कोणत्या तोंडाने जायचे? एफ फॉर्ममधल्या त्रुटींना कारकुनी चूक म्हणून सोडून द्यावे, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची विनंतीही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली, आणि मुलींच्या जन्माचा आपला इतिहास पाहता ते योग्यच झाले. नियम राहू द्यावेत. ते पाळण्याचा खर्च वाटून घ्यावा.

वाटून घेणे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. दूध संघात म्हैस ज्याची त्याची असते, शीतकरण केंद्र मात्र सगळ्यांचे. सोलापूरचे अश्विनी किंवा दादरचे शुश्रूषा यांनी अख्खे रुग्णालयच सहकारी तत्त्वावर उभे केले. इथे तेवढेही करायचे नाही. फक्त कचेरी सामाईक करायची. केरळात इंडियन मेडिकल असोसिएशनने पालक्काडजवळ कचरा प्रक्रियेचा ‘इमेज’ प्रकल्प स्वतः उभा केला आणि राज्यभरातल्या रुग्णालयांचा कचरा तिथे जाऊ लागला, म्हणजे डॉक्टर एकत्र येत नाहीत हा आक्षेपही पूर्ण खरा नाही. एका तालुक्यातल्या वीसेक नर्सिंग होमनी मिळून विम्याच्या फायली पाहणारे दोघे, परवान्यांच्या तारखा सांभाळणारा एक आणि हिशेब जुळवणारा एक असे चौघे ठेवले, तर एकट्याला न परवडणारे काम नीट होऊ शकते. उपचारांचे दर मात्र एकत्र बसून ठरवायला जाऊ नये, ते स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात सापडेल.

हेच काम करून देणाऱ्या खासगी कंपन्या बाजारात आहेत, मग डॉक्टरांची सामाईक संस्था कशाला, असे कुणी विचारेल. फरक मोबदल्याच्या रीतीत आहे. बिलाच्या टक्केवारीवर पैसे घेणाऱ्याला बिल वाढलेलेच हवे असते. आज तो फाईल पाहील, उद्या खाट रिकामी का आहे म्हणून विचारील. फाईलमागे ठरावीक रक्कम घेणारी आणि डॉक्टरांनाच उत्तर देणारी कचेरी असेल तर हा दबाव येत नाही. तिची मर्यादाही स्पष्ट हवी. ती तयारी करील, आठवण देईल, राहिलेला रकाना दाखवील. पण एफ फॉर्मवरची सही आणि त्यामागची जबाबदारी डॉक्टरचीच राहील. कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवणाऱ्यांना या कचेरीने वाचवू नये.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे: ही रुग्णालये वाचवावीतच कशाला? प्रशिक्षित परिचारिका नाहीत, अतिदक्षता विभाग नावापुरता, शिवाय ‘कट’ची, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनची, देवाणघेवाण. यात तथ्य आहे. परिचारिका ठेवूच न शकणारे रुग्णालय कागद नीट झाल्याने सुरक्षित होत नाही आणि ‘कट’ही त्याने थांबत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण साधे बाळंतपण, अपेंडिक्स, मुलाचा न्यूमोनिया यांसाठी पन्नास किलोमीटर जायला लागले तर गुणवत्ता वाढलेली कागदावर दिसेल, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी कुणाच्या हिशेबात येणार नाही. म्हणून सदस्यत्व सरसकट देऊ नये. परिचारिका, आग आणि कचरा या तीन गोष्टी ठरलेल्या मुदतीत नीट करीन असे जो लिहून देईल त्यालाच घ्यावे, आणि मुदत टळल्यावर काढावेही. स्नेहसंमेलनात शेजारी बसणाऱ्या डॉक्टरला हे सांगणे अवघड जाते, हे उघड आहे.

एक गाठ मात्र डॉक्टरांच्या हातची नाही. रुग्णसेवा बहुतांशी जीएसटीमुक्त असल्याने नर्सिंग होमला आपण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. साखळी रुग्णालयाचा बिलिंग विभाग त्याच्याच पगारपत्रकावर असतो, त्यावर कर लागत नाही. तेच काम वीस डॉक्टरांची संस्था सदस्यांना करून देऊ लागली आणि तिची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे गेली, की प्रत्येक बिलावर १८ टक्के चढतात आणि ते डॉक्टरांच्या खिशातून जातात. कर्जाच्या आणि अनुदानाच्या नव्या योजना आखण्याआधी राज्याने जीएसटी परिषदेत एवढा एक मुद्दा मांडावा: रुग्णालयांच्या संस्थेने फक्त आपल्या सदस्यांना, नफा न घेता दिलेली कचेरीची सेवा करमुक्त करावी.