दुखणं थांबवणारी गोळी आणि अंगातलं मीठ-पाणी

मंडळी, मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. त्यामुळे आज कुणाला औषध सांगणार नाही. पण कार्यकारण हा माझा जुना विषय. परिणाम आणि दुष्परिणाम असा भेद आपण करतो. शरीर करत नाही.

आपल्या जिल्ह्यात, भूम-परंड्याकडं म्हणा किंवा कळंबकडं, गुडघे धरले की पुडी आणतात. दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. अशा पुडीत कधी कधी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असतं. औषध खोटं नाही बरं का! 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं, आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. 1950 मध्ये या कामाला नोबेल मिळालं.

मग घोटाळा कुठं होतो? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर अ‍ॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. मेंदूतल्या पिट्युटरीच्या हुकमानं त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. रक्तदाब टिकतो, ताप-जखम सोसते ती त्याच्या बळावर. बाहेरून तसलाच माल रोज यायला लागला, की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते. काही आठवड्यांत ग्रंथी सुस्तावतात. इकडं मीठ-पाणी अंगात साचतं, चेहरा गोल होतो, साखर वाढते. आणि पाहुणे म्हणतात, "तब्येत सुधारली की!"

पुढं कुणीतरी सांगतं, स्टेरॉईड वाईट. माणूस घाबरून एका दिवसात सगळं बंद करतो. खरा धोका इथं आहे. ग्रंथी झोपलेल्या, बाहेरचा पुरवठा तुटलेला. उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळतो. त्यात ताप आला तर जिवावर बेततं. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत न्यायचं असतं. ऑपरेशनच्या आधीही पुडीची गोष्ट डॉक्टरांना सांगायची. लाजायचं नाही.

दुसरी तऱ्हा वेगळी. चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठी कार्बामाझेपिन देतात, पाठदुखीला ट्रॅमाडॉल. यांच्यामुळं काहींच्या बाबतीत मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते साधारण 135 ते 145 असावं लागतं. फार उतरलं की आजोबा बरळतात, तोल जाऊन पडतात. घरचे म्हणतात, वय झालं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर धोका आणखी. वर आपल्या एप्रिलच्या उन्हात प्रेमानं तांब्यावर तांब्या पाणी पाजलं, तर सोडियम आणखीच उतरतं. अशा वेळी रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं; तपासणी साधीच असते, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्यावीत.