लोणारचे खारे पाणी आणि गावाचे सांडपाणी

बंद खोरे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठापासूनची खोली सुमारे १५० मीटर. या खोऱ्यात पाणी येते, पण बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाणी उडून जाते ते बाष्पीभवनाने. विरघळलेले क्षार मागेच राहतात. त्यामुळे सरोवर खारट आणि तीव्र अल्कधर्मी झाले आहे. त्याचा सामू साधारणपणे ९.५ ते १०.५ असतो. पाणी ओसरल्यावर काठावर जमणारा सोडा पूर्वी गोळा केला जाई. पापडी, डल्ला, भुस्की ही त्याच्या प्रतींची नावे. साबण करण्यासाठी आणि कापडाचे रंग पक्के करण्यासाठी तो वापरत.

गोड्या पाण्याचा हिशेब

पावसाबरोबरच काठावरच्या झऱ्यांचे गोडे पाणीही सरोवराला मिळते. ईशान्येकडील ‘धार’ या झऱ्याच्या प्रवाहाने विवराच्या कडेत दरी कोरली आहे. एरवी उंचावलेली कड बाहेरचे पाणी अडवते. या खिंडारातून मात्र ते आत येऊ शकते, आणि लोणार गाव याच अंगाला वसले आहे. येणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा मेळ बसतो तोवर सरोवराचा स्वभाव टिकतो. हा मेळ किती नाजूक आहे ते जून २०२० मध्ये दिसले. पाणी घटले, खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग लवणप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

सांडपाणी मिसळल्यावर

घरगुती सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्य, नायट्रोजन, फॉस्फरस आणि रोगजंतू असतात. सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतात, ते ‘बीओडी’ या मापाने कळते. नदीच्या बाबतीत हेच माप सर्वांत महत्त्वाचे ठरते. लोणारच्या बाबतीत ते अपुरे आहे.

सांडपाण्यातील नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो. सामू ७ असताना त्यातील जेमतेम अर्धा टक्का भाग मुक्त अमोनिया असतो, बाकीचा निरुपद्रवी अमोनियम आयन. सामू १० झाला की हे प्रमाण उलटते आणि सुमारे ८५ टक्के भाग मुक्त अमोनिया होतो. तो जलचरांना विषारी असतो; शिवाय अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही तो जाचक ठरतो. म्हणजे गटारात फारसे नुकसान न करणारे द्रव्य सरोवरात पोचताच घातक होते. त्यातला काही अमोनिया वायुरूपाने निघून तरी जातो. फॉस्फरसला हवेत जाणारे रूपच नाही. बंद खोऱ्यात आलेला फॉस्फरस पाण्यात किंवा गाळात साठत राहतो आणि शैवालाची वाढ भडकवतो. लोणारपुरता विचार केला तर माझ्या मते सर्वांत चिंतेची गोष्ट हीच आहे.

वनस्पतींच्या मुळांशी होणारी प्रक्रिया

सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची, छोट्या गावांना परवडेल अशी एक पद्धत विदर्भातच विकसित झाली. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी स्थापन झाली आणि १९७४ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. तिच्या ‘फायटोरिड’ तंत्रात सांडपाणी प्रथम टाकीत निवळते, मग खडी भरलेल्या वाफ्यांतून संथपणे सरकते. वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती असतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते, त्यामुळे वास कमी येतो आणि डासांना थारा मिळत नाही. मुळांलगत थोडा प्राणवायू असतो. तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. मुळांपासून दूर प्राणवायू नसतो. तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत जातो. वीज फारच थोडी लागते.

अडचणी आहेत त्या जागेच्या आणि देखभालीच्या. निवळण टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर खडी तुंबते. फॉस्फरस काही अंशी खडीला चिकटतो, काही वनस्पती शोषतात. पण खडीची ही क्षमता कालांतराने संपते. वनस्पती कापून दूर नेल्या नाहीत तर कुजताना त्या तोच फॉस्फरस परत सोडतात.

सरोवरातील जिवाणू

सरोवर आणि सांडपाणी यांचे नाते उलट दिशेनेही चालते. कापड, चामडे आणि रसायन उद्योगांच्या अनेक सांडपाण्यांत क्षार व अल्कता इतकी असते की नेहमीचे जिवाणू तिथे काम करत नाहीत. लोणारचे सूक्ष्मजीव मात्र अशाच पाण्यात वाढलेले. आघारकर संस्थेत १९९० च्या दशकात सरोवरातील अल्कप्रिय जिवाणूंकडून फिनॉल या विषारी प्रदूषकाचे विघटन करून घेण्याचे प्रयोग झाले. प्रयोगशाळेतील यश कारखान्याच्या टाकीत उतरवणे अवघड असते, कारण तिथे पाण्यातील घटक दिवसागणिक बदलतात. तरीही असे जिवाणू मिळण्याची जागा मुळात दुर्मीळ आहे. तिचा खारटपणा सौम्य झाला, तर याच जिवाणूंवर इतर जाती मात करतील.

प्रक्रिया केलेले पाणी

गावाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी बीओडीच्या मानकात बसले तरी ते सरोवरात सोडणे योग्य नाही. ते गोडे असते, त्यामुळे क्षार पातळ करते. आणि त्यात फॉस्फरस उरलेला असतो. कडेबाहेरच्या कापूस किंवा सोयाबीनच्या शेतात मात्र तेच फॉस्फरस आणि नायट्रोजन खत ठरतात. त्यासाठी पाणी निर्जंतुक करावे लागते आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देणे टाळावे लागते. उन्हाळ्यात या पाण्याला मागणी असते. कसोटी पावसाळ्यात लागते. शेताला पाणी नको असते, गटारांत पावसाचे पाणी मिसळून प्रवाह केंद्राच्या क्षमतेपेक्षा मोठा होतो आणि जादा पाणी उताराने धारेच्या दरीकडे जाऊ शकते. पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या ठेवणे, म्हणूनच, लोणारमध्ये प्रक्रिया केंद्राइतकेच आवश्यक आहे.